तडा गेलेली दाढ आणि तिची कॅप

चिवड्यातली एखादी कडक डाळ, लाह्यांमधला गणंग, भातात राहून गेलेला खडा. दाढेखाली काहीतरी येते, मस्तकात कळ जाते आणि दुसऱ्या क्षणी सारे पूर्ववत होते. आरशात पाहावे तर दाढ अख्खी. कीड नाही, सूज नाही, गार पाणी लागले की थोडे झणझणते इतकेच. मग माणूस न ठरवताच दुसऱ्या बाजूने जेवू लागतो आणि महिनेच्या महिने तसाच जेवत राहतो. दाढेला तडा गेल्याची सुरुवात बहुतेकांच्या तोंडात अशीच होते. दुखणे सतत नसते म्हणून ते अंगावर काढले जाते, आणि दाढ वाचवण्याची संधी नेमकी याच काळात निसटते.

कारण तडा वाढत जातो. मोडलेले हाड काही आठवड्यांत सांधते. हाडात जिवंत पेशी असतात, रक्त खेळते असते, नवे हाड घडवून जुन्याला जोडण्याची सोय शरीराकडे असते. दाताच्या वरच्या कवचाला, म्हणजे एनॅमलला, ही सोय नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतायेताच नाहीशा होतात आणि त्यानंतर जन्मभर त्या कवचाची डागडुजी करणारे शरीरात कोणी उरत नाही. लवंगेच्या तेलाने ठणका कमी होईल, सेन्सिटिव्ह दातांच्या पेस्टने झिणझिण्या थांबतील, पण गेलेली चीर भरून येणार नाही. या दुखण्यावर उपचार करायचा तो चीर आहे तिथे थांबवण्यासाठी.

एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत भरते. पण जे कठीण ते चिवट असतेच असे नाही. एनॅमल दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याला सोसवत नाही. त्याच्या खाली डेंटिनचा थर असतो. त्यात साधारण ७० टक्के खनिज आणि बाकी कोलॅजेनचे धागे व पाणी, त्यामुळे तो किंचित लवतो. वर कठीण, खाली लवचीक अशी ही जोडगोळी फार विचारपूर्वक घडवल्यासारखी आहे. एनॅमलमधले सूक्ष्म दंड डेंटिनजवळ एकमेकांत विणल्यासारखे वळतात आणि वरून आलेली बारीक चीर बहुतेक वेळा तिथेच अडते. चाळिशी ओलांडलेल्या कोणाच्याही पुढच्या दातांवर मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश आडवा टाकून पाहा, उभ्या बारीक रेघा दिसतील. त्या एनॅमलपुरत्याच असतात. त्या दुखत नाहीत आणि त्यांच्यावर काही करावेही लागत नाही.

पंचाईत होते ती चीर डेंटिनमध्ये उतरली की. इंग्लंडचे अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास काचेवर प्रयोग करून एक गोष्ट दाखवून दिली होती: ठिसूळ पदार्थ मोडतो तो त्याच्या सरासरी ताकदीमुळे नव्हे, तर त्यात आधीपासून असलेल्या बारीक चिरांमुळे. बाहेरून पडणारा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो, आणि चीर जितकी लांब तितका टोकाशी ताण जास्त. म्हणून चीर जितकी वाढते तितके तिचे पुढचे वाढणे सोपे होते. विमानांपासून पुलांपर्यंत सगळ्या रचनांना लागू होणारा हा हिशेब दाढेलाही लागू आहे. फरक इतकाच की दाढेवर रोजच्या रोज शेकडो घाव पडतात.

हे घाव किती जोराचे असतात याची कल्पना नसते. मऊ पोळी-भाजी चावताना दाढांवर दहा-पंधरा किलोंपर्यंत भार येतो. निरोगी तरुण माणसाने ठरवून दाढा आवळल्या तर हाच भार ५० ते ७० किलोंपर्यंत जातो. आणि झोपेत दात खाणाऱ्यांच्या बाबतीत तर काही वेळा जागेपणीच्या कमाल जोरापेक्षाही अधिक दाब नोंदला गेला आहे, कारण झोपेत ‘पुरे आता’ असे सांगणारी जाणीव मंदावलेली असते. लहान मूल झोपेत दात खाते ते पोटात जंत असल्यामुळे, असे आपल्याकडे घरोघरी मानतात. मोठ्यांच्या दात खाण्याकडे मात्र कोणी लक्षच देत नाही. शेजारी झोपणाऱ्याला करकर ऐकू येते, सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो, दाढांचे उंचवटे झिजून सपाट होतात, आणि तरीही विषय निघत नाही. करोनाच्या काळात, २०२१ च्या सुरुवातीला, अमेरिकन डेंटल असोसिएशनने आपल्या दंतवैद्यांना विचारले तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक जणांनी तडा गेलेल्या दातांचे रुग्ण वाढल्याचे सांगितले. दात खाण्याचे रुग्ण वाढल्याचे सांगणारे त्याहूनही जास्त होते. काळजी दाढांवर उतरते, हे त्या वर्षी स्पष्ट दिसले.

दुसरे मोठे कारण म्हणजे पूर्वी भरलेली दाढ. पन्नाशी-साठीच्या पिढीतल्या अनेकांच्या दाढांत लहानपणी भरलेली ‘चांदी’ आहे. पारा, चांदी, कथील आणि तांबे यांचे ते मिश्रण फार टिकाऊ. त्याने कोट्यवधी दाढा वाचवल्या आहेत आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून खड्डा आत रुंद कोरावा लागे, आणि दाढेच्या भिंती तितक्या बारीक होत. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काढलेल्या दातांची ताठरता एकेक पायरी कोरून मोजली गेली. रूट कॅनालसाठी वरून भोक पाडल्याने ती फक्त ५ टक्के घटली. पण दाढेची पुढची आणि मागची अशा दोन्ही कडा कापून आरपार खड्डा केला, तेव्हा ती ६३ टक्के घटली. दाढेची ताकद तिच्या मधोमध नसून या दोन कडांमध्ये असते. त्या गेल्या की गालाकडची आणि जिभेकडची भिंत एकमेकींपासून सुट्या होतात, आणि प्रत्येक घासाला थोड्या थोड्या फाकू लागतात.

यावर आपल्या सवयींची भर पडते. दाताने ऊस सोलणे, सुपारी फोडणे, बाटलीचे झाकण उघडणे, नळीतला मगज काढायला हाड चावणे, बर्फ कडकडा खाणे. ऊस सोलायला सुरी आहे, सुपारीला अडकित्ता आहे. सुपारीने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे वेगळेच, आणि तो तर तड्याहून फार मोठा.

आता त्या विचित्र कळेबद्दल. तडा गेलेल्या दाढेची सर्वांत बोलकी खूण अशी की घास चावताना नव्हे, तर दाब सोडताना कळ येते. डेंटिनमध्ये एक-दोन मायक्रॉन रुंदीच्या हजारो नळ्या एकेका चौरस मिलिमीटरमध्ये दाटीने उभ्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. हा द्रव हलला की आतल्या मज्जेतले चेतातंतू चाळवतात. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रोम यांनी १९६० च्या दशकात हे सप्रयोग मांडले आणि आज ते सर्वमान्य आहे. चावताना चिरेच्या दोन बाजू फाकतात, दाब सुटला की झटकन मिटतात, द्रवाला हिसका बसतो आणि वीज चमकावी तशी कळ येते. गार पाण्याने द्रव आकसतो, म्हणून तेही झोंबते.

ही कळ नेमक्या कोणत्या दाढेतून आली हे रुग्णाला बरेचदा सांगता येत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसते. दाब कुठे पडला हे ओळखणारे तंतू दाताच्या आत नसतात. ते मुळाभोवतीच्या, कागदाच्या जाडीच्या पडद्यात असतात. दुखणे मज्जेपुरते असेतो मेंदूला पत्ता लागत नाही. म्हणून कोणी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येतो, कोणी सायनसच्या गोळ्या घेतो, आणि कधी कधी भलत्याच दाढेवर इलाज होतो. अमेरिकेत कॅमेरॉन यांनी १९६४ मध्ये या लक्षणसमूहाला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ असे नाव दिले. त्याआधी असे रुग्ण कमी नव्हते. त्यांच्या दुखण्याला नाव नव्हते, त्यामुळे ते वहमी ठरत.

‘एक्स-रे काढला, काही निघाले नाही’ हे वाक्य या रुग्णांकडून हमखास ऐकू येते. कारण साधे आहे. दाढेतली चीर बहुधा पुढून मागे जाते, म्हणजे गालाकडचा अर्धा भाग जिभेकडच्या अर्ध्या भागापासून वेगळा करते. एक्स-रेचे किरण गालाकडून जिभेकडे जातात, म्हणजे चिरेला आडवे. तेव्हा चीर फिल्मवर उमटत नाही. त्रिमितीय स्कॅनमध्येही केसाएवढी चीर सहसा सुटते, तिच्यामुळे झिजलेले हाड मात्र दिसू शकते. एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून दाढ शाबूत आहे असे समजू नये.

चीर शोधायची ती हाताने आणि डोळ्याने. डॉक्टर एक लहान प्लॅस्टिकची चावणी एकेका उंचवट्यावर ठेवून चावायला आणि सोडायला सांगतात. ज्या उंचवट्यावर सोडताना कळ येते तो संशयित. मग दाढेच्या बाजूला प्रखर बारीक प्रकाश लावतात. अखंड दाढ पूर्ण उजळते, तडा गेलेल्या दाढेत प्रकाश चिरेपाशी अडतो आणि पलीकडची बाजू अंधारी राहते. मेथिलीन ब्लूसारखा निळा रंग लावला की चीर रंग धरते. जुनी चांदी किंवा सिमेंट काढल्यावर तळाशी चीर उघडी पडते. आणि हिरडी व दात यांच्यामधली खोली मोजणारी खुणांची सळई दाढेभोवती फिरवली असता, सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच ठिकाणी अरुंद पण खोल फट लागली, तर ती वाईट खूण. चीर मुळापर्यंत उतरून तिथले हाड खाऊ लागली आहे असा तिचा अर्थ.

खोली किती, यावरच पुढचे सगळे ठरते. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्स या रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संघटनेने तड्यांचे पाच प्रकार केले आहेत. एनॅमलवरच्या निरुपद्रवी रेघा, तुटलेला एखादा उंचवटा, तडा गेलेली दाढ, दुभंगलेली दाढ आणि मुळातून सुरू होणारी उभी चीर. पहिल्यावर काही करायचे नाही. दुसरा दिसायला भयंकर, जेवताना दाढेचा तुकडा हातात येतो आणि माणूस हादरतो, पण तो बहुधा सहज दुरुस्त होतो. शेवटचे दोन जवळजवळ नेहमीच दाढ काढण्यावर संपतात. कॅपचे खरे काम आहे ते मधल्या प्रकारात, जिथे चीर डेंटिनमध्ये शिरली आहे पण दाढेचे दोन भाग अजून सुटलेले नाहीत.

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव ज्यासाठी चढवतात, त्याच कामासाठी ही कॅप असते. भार पडला तरी भाग फाकू नयेत. धाव तापवून चढवतात आणि ती गार होताना चाकाला आवळते. कॅप आवळत नाही, ती नुसती चोहोबाजूंनी धरून ठेवते. पण तेवढे पुरते. उंचवट्यांवर पडलेला भार भिंतींना बाहेर ढकलण्याऐवजी सरळ खाली मुळाकडे जातो, चीर उघडमीट करणे थांबवते, द्रवाला हिसके बसत नाहीत आणि कळ जाते. अनेकांची कळ तात्पुरती कॅप बसल्यापासूनच जाते.

हे धरून ठेवणे साधायचे तर कॅपला खाली शाबूत दात लागतो. हिरडीच्या वर निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीचे दाताचे निरोगी कडे सगळीकडून कॅपच्या आत आले पाहिजे, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम. नुसत्या भरलेल्या सिमेंटवर टेकलेली कॅप देखणी दिसेल, दाढ मात्र धरणार नाही. चांगला डॉक्टर म्हणूनच आधी जुने भरण पूर्ण काढतो, चीर कुठवर गेली ते पाहतो, दाताला चिकटणाऱ्या कॉम्पोझिटने पोकळी भरतो आणि मगच दाढेला आकार देतो. वरून दीड-दोन मिलिमीटर, बाजूंनी त्याहून थोडे कमी. मग माप. पूर्वी तोंडात लगदा भरलेला ट्रे धरून बसावे लागे, आता अनेक ठिकाणी छोटा कॅमेरा फिरवून स्कॅन घेतात. प्रयोगशाळेतून पक्की कॅप येईपर्यंत तात्पुरती कॅप बसवतात.

ही तात्पुरती कॅप पुष्कळांना उगाचचा सोपस्कार वाटते. तसे नाही. तडा गेलेल्या दाढेसाठी ती परीक्षा असते. काही आठवड्यांत कळ पूर्ण गेली तर आतली मज्जा जिवंत आणि सावरणारी आहे, पक्की कॅप बसवायला हरकत नाही. गार लागल्यावर कळ दोन-चार सेकंदांत न विरता रेंगाळत असेल, रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर मज्जा सावरण्यापलीकडे गेली आहे आणि आधी रूट कॅनाल करायला हवे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सावरण्याजोगी मज्जा असलेल्या तडकलेल्या दाढांना थेट कॅप बसवली तेव्हा सुमारे पाचांपैकी एकीला पुढच्या सहा महिन्यांत रूट कॅनाल करावे लागले. उरलेल्या बहुतेक दाढांना ते लागले नाही. हे प्रमाण रुग्णाने उपचाराआधीच ऐकलेले असावे. ‘कॅप बसवली आणि नंतर रूट कॅनाल निघाले, डॉक्टरने फसवले’ ही तक्रार पुष्कळदा संभाषण आधी न झाल्यामुळे उद्भवते. आणि उलट बाजूने, तडा दिसला की सरसकट रूट कॅनाल करून टाकणेही चूक आहे. पाचांपैकी चौघींची मज्जा वाचू शकते.

कॅपसाठी दाढ बरीच कोरावी लागते, वरच्या दिसणाऱ्या भागाचा निम्म्याहून अधिक ऐवज जातो, हेही सांगितले पाहिजे. म्हणून भिंती पुरेशा जाड असतील तर पूर्ण कॅपऐवजी फक्त उंचवटे झाकणारे ओनले बसवता येते. त्यात दाताचा बराच भाग वाचतो. हा पर्याय आपल्याकडे कमी सुचवला जातो. डॉक्टरांना तो स्वतःहून विचारावा असे मला वाटते.

दाताभोवती धातू गुंडाळण्याची कल्पना फार जुनी. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासूनच्या सोन्याच्या पट्ट्यांनी बांधलेले दात सापडले आहेत. पोर्सेलीनची कॅप मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. डेट्रॉईटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी ती तयार केली. १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हा त्यांचा नातू. १९०७ मध्ये विल्यम टॅगार्ट यांनी मेणाच्या साच्यातून सोने ओतण्याचे यंत्र दाखवले आणि नेमकी बसणारी सोन्याची कॅप शक्य झाली. १९६० च्या दशकात धातूच्या टोपीवर पोर्सेलीन भाजण्याची पद्धत रुळली. आपल्याकडे मेटल-सिरॅमिक म्हणतात ती हीच.

आज चर्चा असते झिरकोनियाची, आणि त्यामागचे विज्ञान खरोखर सुंदर आहे. सिरॅमिक म्हटले की ठिसूळ, हा समज या पदार्थाने मोडला. गार्वी आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की झिरकोनियात चीर सुरू झाली की चिरेच्या टोकाशी त्याचे स्फटिक आपली रचना बदलतात आणि आकारमानाने किंचित फुगतात. आजूबाजूला जागा नसल्याने हे फुगणे चिरेवरच दाब टाकते आणि तिला मिटवू पाहते. एनॅमलला जे जमत नाही ते हा पदार्थ स्वतःच्या अंगाने करतो. तरीही प्रत्येकाला झिरकोनियाच हवे असे नाही. मागच्या दाढेला, जिथे कोणी पाहत नाही, जागा कमी आहे आणि जोर जास्त आहे, तिथे साधी धातूची कॅप आजही उत्तम चालते. तिच्यासाठी दाढ सर्वांत कमी कोरावी लागते आणि खर्चही कमी येतो. दिसण्यासाठी म्हणून तिला नकार देण्याआधी थोडा विचार करावा.

झिरकोनियाच्या कॅपबरोबर दहा-पंधरा वर्षांच्या वॉरंटीचे कार्ड मिळते. ते नीट वाचावे. वॉरंटी कॅपची असते, दाढेची नसते. कॅपला कीड लागत नाही, पण कॅपच्या कडेला जिथे दात उघडा असतो तिथे लागते, आणि कॅप निकामी होण्याचे ते एक मुख्य कारण आहे. कॅप बसवलेल्या दाढेला ब्रश आणि फ्लॉस इतर दातांपेक्षा जास्त लागतो, कमी नाही. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री दातांवर घालायचे नाइट गार्ड हे उपचाराचाच भाग समजावे. नाहीतर एक दाढ वाचवून दुसरीला तडा जाईल. जागेपणीही लक्ष ठेवता येते. खाणे-गिळणे सोडले तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकण्याचे काही कारण नसते. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. गाडी चालवताना, संगणकापुढे बसताना ती आठवावी.

पुष्कळ दाढा जातात त्या मात्र वेगळ्याच कारणाने, आणि मला त्याचीच सर्वांत हळहळ वाटते. रूट कॅनाल पूर्ण होते. ठणका थांबतो. डॉक्टर सांगतात, कॅप बसवून घ्या. खर्चाचा आकडा ऐकून, लग्नसराई-परीक्षा-पेरणी आटोपू दे म्हणून, किंवा आता दुखत नाही तर कशाला म्हणून ते राहून जाते. वर्ष-दोन वर्षांनी तीच दाढ घास चावताना उभी दुभंगते, आणि तेव्हा ती काढण्याखेरीज इलाज नसतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या २००२ च्या अभ्यासात, रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्यांपेक्षा सहापट अधिक दराने गमावले गेले असे आढळले. ‘नस काढली की दात वाळतो आणि ठिसूळ होतो’ असे आपल्याकडे म्हणतात. १९९२ मध्ये रूट कॅनाल झालेले दात आणि त्याच व्यक्तींच्या दुसऱ्या बाजूचे जिवंत दात यांची तुलना केली गेली तेव्हा ठिसूळपणात म्हणावा असा फरक दिसला नाही. दात मोडतो तो आधीच्या किडीने आणि कोरण्याने त्याच्या भिंती उरलेल्या नसतात म्हणून. त्यावर कॅपइतका दुसरा उपाय नाही.

काही दाढा कॅप बसवूनही वाचत नाहीत, हेही खरे. चीर मज्जेच्या पोकळीच्या तळापर्यंत गेली असेल, एका बाजूला खोल फट लागत असेल, एकाहून अधिक चिरा असतील किंवा दाढ ओळीतली शेवटची असेल तर खात्री कमी होते. सिंगापूरच्या एका दंत केंद्रात रूट कॅनाल करून भरलेल्या तडकलेल्या दाढांपैकी सुमारे ८५ टक्के दोन वर्षांनी टिकून होत्या. म्हणजे बाजू मजबूत आहे, पण शंभर टक्के नाही. प्रामाणिक डॉक्टर हे आधी सांगतो, आणि रुग्णाने ते ऐकून निर्णय घ्यावा. हरण्याची शक्यता खूप जास्त असेल तेव्हा त्याच पैशांत दाढ काढून पुढचा विचार करणे शहाणपणाचे ठरू शकते.

एवढे मात्र कोणीही करू शकते. चावून सोडताना कळ येत असेल, तर दुसऱ्या बाजूने जेवत दिवस काढू नका. तपासणीच्या वेळी ‘चीर मला दाखवा’ असे डॉक्टरांना म्हणा. हल्ली तोंडात घालायचे कॅमेरे पुष्कळ दवाखान्यांत असतात, फोटो दाखवणे त्यांना अवघड नाही. ज्या दाताला कळ नाही, गारवा लागत नाही आणि नुसती पृष्ठभागावर रेघ आहे, त्यावर कॅप बसवण्याची घाई कोणी केली तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. खर्च आवाक्याबाहेर वाटत असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. तिथे वरिष्ठांच्या देखरेखीखाली रूट कॅनाल आणि कॅपची कामे खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात होतात, फेऱ्या मात्र जास्त माराव्या लागतात. आणि रूट कॅनाल झालेली, पण कॅप राहून गेलेली दाढ तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या तोंडात असेल, तर दुखण्याची वाट न पाहता याच महिन्यात डॉक्टरांची वेळ घ्या.